गेमसाठी पुसलेली कीर्तनं

प्रगू,

तुझा नवा गेम अडखळतो म्हणून मी काल कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये भरलेली माझी सगळी कीर्तनं पुसली. वाटलं, त्यांच्या ओझ्यानेच तो दमत असेल. सकाळी डेपोजवळचा कॉम्प्युटरवाला हसला. "काका, जागा भरपूर होती. रॅम कमी पडते." दुप्पट रॅम बसवून आणलीय. चित्रांचं ग्राफिक्स कार्ड जुनंच आहे, म्हणून चित्र बारीक ठेव, म्हणजे चालेल.

कीर्तनांची हळहळ नको. कीर्तनकार बुवा आज जवळच्या साखरशेत गावीच आहेत, समोर बसून ऐकतो. भात झाकून ठेवलाय.

गेम मात्र संध्याकाळी मी आल्यावरच सुरू कर, मीही शेजारी बसून बघणार. उद्या तू होस्टेलवर जाणार, आणि सुरुवातीचं नमन चुकलं की मला पुढचं काही गोड लागत नाही.

बाबा