दुसरा योसेफ

तिबेरियास

लाडक्या योसेफ,

तू झालास तेव्हा बाबा म्हणाले, "योसेफच ठेवू. देव आणखी एक देवो, असा अर्थ आहे." देवाने आणखी दिलं नाही. बाबा गेले, तू टोरांटोला गेलास. तिथे तुला सगळे 'जो' म्हणतात.

गेल्या आठवड्यात खालची ओरित तान्ह्याला घेऊन आली.

"सिम्हामावशी, उद्या सुंता, तेव्हाच नाव ठेवायचं आणि अजून नाव सुचत नाही."

माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं.

"तुमच्या मुलाला चालेल?"

"तो कुठे वापरतोय?"

आता दिवसभर जिन्यातून 'योसेफ, योसेफ' ऐकू येतं. बाळासाठीच असतं, हे कळतं. तरी दर वेळी मी दार उघडते.

हे पत्र टाकणार नाही. तुला वाईट वाटेल.

तुझी,
आई