काट्यावरची एंजेला

कारखान्याच्या साहेबांना मरियाबाईचा सलाम.

माझ्या नातीला, एंजेलाला पुण्यात नोकरी लागलीय. तिला सोडा, एवढंच मागायला बसले. तुमच्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरची सिस्टीम जुनी झाली, ती बनवणाऱ्या कंपनीनं तिची दुरुस्ती बंद केली. आता तिच्यातल्या प्रोग्रामला ठिगळं लावून काटा चालता ठेवते ती एकटी एंजेला. नवी घ्या म्हटलं की तुमी म्हणता, "एंजेला हाय ना." पोरगी हाय का पाचर?

रविवारी ती चर्चला आली अन् काटा बंद पडला. उसाच्या गाड्या दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या, ऊस वाळून वजन उतरलं. पहिली गाडी माझ्या भावाची. तोच म्हणाला, "अक्का, पोरीला जाऊ देऊ नको."

कंपनीला हात झटकता आले, आमाला न्हाई. म्हणून हे पत्र धाडत न्हाई.

एंजेलाची आजी, मरिया