तळ्यातला पांढरा पाइप

सुरत, शनिवार संध्याकाळ

बंद झाला एकदाचा, तळ्यातल्या भाड्याने देतात त्या तरंगत्या खोल्यांचा तो पांढरा पाइप. परवा सोमवारी त्याच पाण्यात आमच्या खानदेशी कानबाईचं विसर्जन आहे.

आमच्या नवागाम वस्तीतल्या बायकांचा त्या पाइपाबद्दलचा पालिकेला अर्ज मीच लिहिला होता. पण देवीचं नाव असलेल्या कागदावर तो शब्द लिहायला हात धजेना. ‘पाणी पवित्र राहावं’ एवढंच लिहिलं आणि पालिकेच्या साहेबाने तो मिरवणुकीचा अर्ज समजून परवानगी देऊन टाकली.

शेवटी शेजारच्या यशोदामावशीच बोलल्या, “साहेब, वो पाइप संडास का है.” तेव्हा कुठे नियम झाला: मैल्याची टाकी बसवल्याशिवाय पाण्यावर खोली भाड्याने द्यायची नाही.

पाइपाचं बुजवलेलं तोंड आज दोनदा पाहून आले. मला एवढी कसली लाज वाटली?

संडास. घे, आता मीही लिहिला.