ऋचाच्या दाढेची जबाबदारी माझी

गुरुवार, ९ जानेवारी

साप्ताहिक सुट्टी. संध्याकाळी चिक्की खाताना ऋचा किंचाळली. नीलिमाने मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं. खालच्या डाव्या दाढेत काळा खड्डा. मी म्हटलं, दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप. नीलिमा म्हणाली, ही पडायला अजून तीन-चार वर्षं आहेत, तोवर पोरीने काय एका बाजूने जेवायचं? लगेच सांगवीच्या क्लिनिकला फोन. डॉ. विजयश्री, फक्त लहान मुलांचे दात बघतात. परवाची वेळ मिळाली.

ऋचाला मी नेणार, असं जाहीर केलं. नीलिमा म्हणाली, तू? तिच्या त्या 'तू'मध्ये शंका होती. चाकणच्या कंपनीत नव्या पोरांची प्रेस मशीनची भीती कोण घालवतं? सेफ्टी ट्रेनिंग कोण घेतं? इथे तर एकच सात वर्षांची मुलगी, तीही स्वतःची.

सोपं आहे. भीती अज्ञानातून येते. आधी सगळी माहिती द्यायची.

शुक्रवार, १० जानेवारी

ऋचाला माहिती दिली. कागदावर दाढ उभी कापून दाखवली. वर खड्डा, मध्ये नस, खाली हाड. ती शेजारी बसून खडूने रंगवत होती. मजेत होती. नस लाल केली. मग विचारलं, बाबा, नस म्हणजे रक्त असतं ती? मी म्हटलं, हो, पण घाबरायचं काही कारण नाही, ड्रिल एकदम बारीक असतं आणि इंजेक्शन तर देणारच नाहीत.

ती म्हणाली, इंजेक्शन? तोंडात?

हे असलं काहीतरी तिच्या डोक्यात कुठून येतं कळत नाही. शाळेत काहीही सांगतात. चित्र अर्धवट टाकून आईकडे गेली.

शनिवार, ११ जानेवारी

हाफ डे टाकला. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून घामाघूम, पण वेळेवर पोचलो. डॉक्टर बऱ्या वाटल्या. पंचेचाळीशीच्या, आवाज हळू. ऋचाला म्हणाल्या, मी आज फक्त आरशाने बघणार, आणि हात लावायच्या आधी तुला सांगणार. आरसा तिच्याच हातात दिला. तिने आधी डॉक्टरांचे दात बघितले. हसलीसुद्धा. मग आ केला.

मी खुर्चीच्या मागे उभा राहून धीर देत होतो. घाबरू नकोस. अजिबात घाबरू नकोस. दुखलं तरी एकच सेकंद.

तोंड खटकन बंद. डॉक्टरांचं बोट आत होतं.

पुढे काहीच झालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, कीड नसेपर्यंत गेलेली दिसते, एक्स-रे लागेल, उशीर नको. आणि पुढच्या वेळी तुम्ही बाहेर बसाल का? मी सांगितलं की लोकांना धीर देणं हा माझा व्यवसायच आहे. त्या बोट चोळत म्हणाल्या, हो का.

एकूण पहिली भेट चांगली झाली. ओळख झाली.

बुधवार, १५ जानेवारी

मी एक गोष्ट विसरलो होतो. रिहर्सल! कंपनीत मॉक ड्रिल करतो, मग घरी का नाही?

रिक्लायनर मागे केला. कपाळाला ट्रेकिंगचा दिवा बांधला. ऋचा बसली बिचारी. ड्रिलच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून मिक्सर तिच्या कानाजवळ आणून चालू केला.

आता ती मिक्सरला घाबरते. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. नीलिमाने चटणी बंद केली, इडली साखरेबरोबर खाल्ली. साखर दातांना वाईट, हे मी निदर्शनास आणून दिलं. 

शनिवार, १८ जानेवारी

आज वेगळा विचार. माहितीचा अतिरेक झाला होता, ही डॉक्टरांची वेळ घेण्याच्या घाईत झालेली चूक. कोणाची ते महत्त्वाचं नाही. आज काहीच सांगायचं नाही असं ठरवलं. ऋचाला म्हटलं, चल, बागेत जाऊ. फ्रॉक घालून, बॉल घेऊन गाडीत बसली. रस्ताभर बडबड.

क्लिनिकचा जिना दिसला आणि बडबड थांबली. पहिल्याच पायरीवर बसून तिने कठडा धरला. मी समजावलं. मग उचललं. कठडा सुटला, पण एक सँडल खाली गेली, बॉल रस्त्यावर गेला, आणि वरच्या मजल्यावरून लोक बघायला लागले. ती रडत नव्हती, नुसती थरथरत होती. मी तिला तसंच घेऊन परत गाडीत आलो. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, अचानक मीटिंग निघाली.

घरी येताना एकच वाक्य बोलली. बाबा, तू खोटं बोललास.

मी म्हटलं, खोटं नाही, सरप्राइज.

सोमवार, २० जानेवारी

दूध आणायला चल म्हटलं तर विचारते, नक्की दूधच ना? आईला विचारून मग चप्पल घालते.

मंगळवार, २१ जानेवारी

कंपनीत ऑडिट. डोकं उठलं होतं. घरी आलो तर ऋचा पोळीचा एक घास गालात धरून अर्धा तास बसलेली. मी म्हटलं, गप जेव, नाहीतर आत्ता डॉक्टरांना फोन करतो. मोबाईल हातात घेतलासुद्धा.

तिने सगळी पोळी संपवली. पाणी पीत पीत, डोळे मिटून.

म्हणजे उपाय लागू पडला. नीलिमा ताट तसंच ठेवून आत गेली. घरातल्या सगळ्यांनी एक धोरण पाळलं तर रिझल्ट लवकर येतील.

गुरुवार, २३ जानेवारी

आनंदाची बातमी. दाढ दुखायची थांबली!

सकाळी मी विचारलं, दुखतंय का गं? म्हणाली, नाही. दुपारी परत विचारलं. म्हणाली, अजिबात नाही, बाबा. रात्री तर मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. उजव्या बाजूने जेवते, पण ती सवय असेल.

नीलिमा म्हणते, एकदा तरी दाखवून येऊ. मी म्हटलं, भीती गेली की निम्मं दुखणं जातं, हे मी कधीपासून सांगतोय. डॉक्टरांची पुढची वेळ रद्द केली.

शुक्रवार, २४ जानेवारी

प्रेस शॉपमधल्या गणराजला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, सर, कुठल्या औषधानं थांबली? मी म्हटलं, मनोबल. तो म्हणाला, व्हय का, आणि हेल्मेट घालून कामाला गेला.

रविवार, २६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन. ऋचा मुलांबरोबर गाणं म्हणणार होती. आठवड्यापासून तयारी. सकाळी उठली तर डावा गाल सुजून डोळ्याखालपर्यंत आलेला. अंग तापलेलं.

नीलिमाने तिला मांडीवर घेतलं. कधीपासून दुखतंय, बाळा? ऋचाने आधी माझ्याकडे बघितलं. मग आईच्या कानात म्हणाली, रोज.

रोज दुखत होतं. शाळेत डबा मैत्रिणीला देत होती. झोपताना उशीचा कोपरा दाताखाली धरत होती, अभ्रा चावून फाटलाय. नीलिमाने विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

म्हणाली, सांगितलं असतं तर बाबाने फोन केला असता.

मी तिथेच उभा होतो. खालून लाऊडस्पीकरवर मुलांचं गाणं सुरू झालं. नीलिमाने खिडकी लावली.

सुट्टी असूनही डॉक्टरांनी क्लिनिक उघडलं. ऋचा जिन्यावर थांबली नाही. आईच्या खांद्यावर डोकं टाकून गेली. दाढेखाली पू झालाय. आधी अँटिबायोटिक, सूज उतरली की लगेच उपचार. सूज वाढली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर इथे न येता थेट हॉस्पिटल गाठा, म्हणाल्या.

मला त्यांना विचारायचं होतं की आधी आणलं असतं तर. मी विचारलं, खाली पार्किंग चालतं का?

सोमवार, २७ जानेवारी

रजा. ताप एकशे दोन. दर थोड्या वेळाने गालावरची सूज बघतो. वाढली की तेवढीच आहे, कळत नाही. पेनने सुजेच्या कडेला खूण करावी असं वाटलं. नीलिमा म्हणाली, आता तिच्यावर पेन नको चालवूस.

औषध द्यायला मी गेलो की ऋचा म्हणते, दुखत नाही. मी विचारत नसतानाही म्हणते.

आज काही ठरवलं नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

ताप उतरतोय. वरण-भात खाल्ला. मी दाराबाहेर बसून ऐकला.

गुरुवार, ३० जानेवारी

सूज गेली. आज उपचार. मी आपणहून सांगितलं की मी वर येत नाही, गाडीत बसतो. पार्किंगला जागा नसते, कोणीतरी गाडीत हवंच. नीलिमा बरं म्हणाली.

दोघी वर गेल्या. मी काच खाली करून कान देत होतो. वरून रडण्याचा आवाज येईल, मग मी धावत जाईन, असं काहीतरी डोक्यात होतं. समोरच्या हातगाडीवरच्या उसाच्या चरकाचे घुंगरू सोडून कसलाच आवाज आला नाही. दोनदा दार उघडलं. दोनदा लावलं. स्टिअरिंग ओलं झालं होतं.

बऱ्याच वेळाने आल्या. ऋचाचा ओठ एका बाजूला लोंबत होता. बोबडं बोलत होती, पण थांबत नव्हती. डॉक्टरांनी दाढेला झोपवायचं औषध दिलं. ते टोचेल, हे आधी सांगितलं. आणि टोचलं, खरंच. पण डॉक्टर म्हणाल्या होत्या, डावा हात वर केलास की मी थांबणार.

मी विचारलं, मग तू केलास का वर?

केला ना. पहिल्यांदा तर दुखत नसतानाच केला. बघायला.

मग?

थांबल्या, म्हणाली. खरंच थांबल्या, बाबा. सगळं बाहेर काढलं आणि मी मान हलवेपर्यंत नुसत्या बसल्या.

गाडी सुरू केली. रस्त्याला लागल्यावर म्हटलं, त्या दिवशी बागेचं मी खोटं बोललो होतो. मागून आवाज आला, माहितीये.

भीती नाही वाटली आज? हे विचारायला नको होतं, पण विचारून झालं होतं. म्हणाली, वाटली ना. खूप.

पुढच्या शनिवारी दाढेवर कॅप बसवायची आहे. मी विचारलं, मी येऊ का गं? खरं सांग, मला काही वाटणार नाही.

म्हणाली, ये. पण गाडीतच बस.