ऐंशी ट्रॅकची फ्लॉपी

बाबा, आज कपाट आवरताना तुमचा गणिताच्या मास्तरांचा ग्रुप फोटो हाती आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला आधी आठवला तो तुमच्यावरचा राग.

आलापल्लीच्या तुमच्या शाळेत सरकारी योजनेतून तो छोटा कॉम्प्युटर आला, तुम्ही तो सुट्टीपुरता घरी आणलात आणि ती उन्हाळ्याची सुट्टी आपण दोघांनी त्याच्यासमोर काढली. गावच्या लाकूड-डेपोतल्या सागाच्या लठ्ठ्याचा, म्हणजे ओंडक्याचा, घेर आणि लांबी टाकली की घनमीटर सांगणारा प्रोग्राम मी लिहिला. डेपोतले मोजणीदार खिडकीतून बघायचे आणि हसायचे, आमची टेप कुठं टाकू आता, म्हणून. चंद्रपूरला माझ्या कॉन्व्हेंटमध्ये प्रदर्शन होतं. तिथं निवड झाली तर नागपूरला कॉम्प्युटर शिकायला जायला मिळणार होतं. मला दुसरं काहीच नको होतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही नवी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालता. मी म्हणते, चाळीस ट्रॅकची करा, कॉन्व्हेंटचा ड्राइव्ह जुना आहे, त्याला ऐंशीच्या बारीक रेघा वाचता येत नाहीत. तुम्हाला मात्र सगळे तक्ते एकाच फ्लॉपीवर हवे असतात. "कॉन्व्हेंटवाली बाई मले शिकवून राह्यली," तुम्ही आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता. "ऐंशी असताना चाळीस काऊन घ्यावं? तुले काय समजते त्यातलं?" आई चुलीपाशी हसते.

चंद्रपूरला ड्राइव्ह नुसता घरघरला. पडद्यावर चूक झाल्याचा संदेश, पुन्हा घरघर, पुन्हा तोच संदेश. परीक्षकांनी विचारलं, फ्लॉपी कोणी तयार केली? तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "पोरीनं केली जी. लहान आहे, समजत नाई तिले." किती मायेनं म्हणालात. नागपूरला दुसरीच मुलगी गेली. परतीच्या वाटेवर आष्टीला बस थांबली, तेव्हा तुम्ही गरम भजी आणून माझ्या हातात दिलीत, आणि मी ती खाल्ली, याचाच मला अजून राग येतो. पुढे तुम्ही टायपिंगच्या क्लासला घातलंत. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं टाईप केली मी, एकही चूक न करता.

हे पत्र कुठं टाकणार? फोटोमागे ठेवून देईन. पण एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नाही. तुम्ही बाजाराला गेला होतात, तेव्हा मी गुपचूप चाळीस ट्रॅकची दुसरी प्रत करून घेतली होती. प्रदर्शनात ती माझ्या दप्तरात होती, हात तिच्यावर होता. तुम्ही "पोरीनं केली" म्हणालात आणि मी हात बाहेर काढला, रिकामा. नागपूरपेक्षा मला तुमच्या तोंडून "माझं चुकलं" ऐकायचं होतं, बाबा. मी थांबून राहिले.