अध्यक्षपद आणि सात फुटांचा चर

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावरची माणसं लिहितात.

काल मासिक सभेत नानासाहेबांनी जाहीर केलं की एकोणीस वर्षं झाली, आता गुडघे ऐकत नाहीत, अध्यक्षपद सोडतो. १६ मार्चला निवडणूक. म्हणजे मीच. आठ वर्षं सचिव कोण? मी. सगळ्या सभांचं इतिवृत्त कोण लिहितं? मी. त्रेसष्ट सभासद नावानिशी कोण ओळखतं? मी. (एकोणसाठ. चौघांची आडनावं एकच आहेत, गोंधळ होतो.)

अध्यक्ष म्हणून स्वतःची ओळख करून देण्याचं वाक्य तयार केलं: 'पिंपरीपासून चाकणपर्यंत जमिनीखालून पाणी, गॅस आणि केबल नेणाऱ्या कंत्राटदारांच्या संघाचा मी सेवक.' 'सेवक' शब्द चांगला बसलाय.

संकल्प: रोज चालणे. कमी बोलणे. प्रत्येक सभासदाला साइटवर जाऊन भेटणे.

बायकोला, कस्तुराला, सांगितलं. ती म्हणाली, त्याआधी सिलिंडरचा नंबर लावा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
चालायला बूट लागतात. आणायला गेलो. काळेवाडीतलं दुकान बंद. शेजारून मोजे आणले. सुरुवात झाली म्हणायची.

दुपारी ऑफिसला विजयश्री आली. वडील गेल्यापासून सांगवीतून त्यांचा केबल फॉल्ट शोधायचा धंदा तीच चालवते. वय चौतीस. तोच अर्ज, तिसऱ्यांदा. चराच्या कडा ढासळू नयेत म्हणून फळ्या आणि जॅक, असा एक संच संघाने घ्यावा, लहान कंत्राटदारांना वापरायला द्यावा. मी प्रेमाने सांगितलं, विषयपत्रिका भरली आहे. (एक: नानासाहेबांचा सत्कार. दोन: शालीचा रंग. तीन: आयत्या वेळचे विषय.) ती म्हणाली, मग आयत्या वेळच्या विषयांत घ्या. मी समजावलं की आयत्या वेळचे विषय असे आधी ठरवता येत नाहीत. अर्ज टेबलावर ठेवून निघून गेली. पटलं असावं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
संपर्क दौरा. चार साइट. दोघे भेटले नाहीत. तिसरा खड्ड्यात होता. म्हणाला, या की खाली. बूट कालच घेतलेले. वरूनच हात केला.

चौथा म्हणाला, विजयश्रीताई काल येऊन गेल्या. दोन तास थांबून लेबरला फळ्या कशा लावायच्या ते दाखवलं, स्वतः उतरून. छान. माझ्या कारकिर्दीत अशा होतकरू सभासदांना प्रोत्साहन देणार.

शनिवार, १५ फेब्रुवारी
विजयश्रीने अर्ज भरला. अध्यक्षपदासाठी.

आधी वाटलं, चुकून वरच्या रकान्यात टिक केली असेल. नानासाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, व्हय, भरलाय की. माज्यासमोर भरला. मी विचारलं, तिला समजावू का? म्हणाले, समजाव. पर मंग ती बी तुला समजावील, तेवढा टाइम हाय का तुज्याकडं?

विचार केला. बिनविरोध निवडून येण्यात मजा नाही, लोकांना वाटतं कुणी उभंच नव्हतं. अंदाज: मी ५१, ती १२.

गुरुवार, २० फेब्रुवारी
सुधारित अंदाज: मी ४४. चाकणच्या बाजूचे सात जण फोन उचलत नाहीत. तिकडे रेंजचा प्रॉब्लेम आहे.

चालणं: उद्यापासून. सोमवार बरा.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र
उपवास. साबुदाण्याची खिचडी तीनदाच. कस्तुरा म्हणाली, उपवासाला तीनदा? मी म्हणालो, प्रचारात ताकद लागते.

पोट भरलं की डोकं चालतं. सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम ४ मार्चला, निघोज्याला, नानासाहेबांच्या मोकळ्या जागेत. दरवर्षी स्टेजवरून भाषण होतं, लोक मोबाइल बघतात. यंदा मी सात फुटांचा चर खोदून घेणार आणि आत उभं राहून बोलणार. जमिनीशी जोडलेला माणूस. असं अजून कुणीच केलेलं नाही. खजिनदार प्रीतम व्हिडिओ काढेल, त्याच्या फोनचा कॅमेरा बरा आहे.

सोमवार, ३ मार्च
जागेची पाहणी. बरोबर भिमाजी. माझा मुकादम, सोळा वर्षं माझ्याकडे, आमच्याच परभणी जिल्ह्यातला. त्याने पहारीने दोन-चार ठिकाणी टोचून बघितलं. म्हणाला, मालक, हा मुरूम न्हाई, भराव हाय. इथं कधीतरी विहीर बुजवली असंल. माती बसली न्हाई अजून. फळ्या लावू.

सांगितलं की फळ्या लावल्या तर मी व्हिडिओत दिसणार नाही. शिवाय फळ्या हा विजयश्रीचा विषय. माझ्या कार्यक्रमात तिचा प्रचार कशाला? माझा विषय हेल्मेट आणि गमबूट. एका वेळी एकच संदेश द्यावा.

भिमाजी म्हणाला, मग मी उतरतो तुमच्या जागी. हसू आलं. भाषण कोण करणार?

गुरुवार, ६ मार्च. हॉस्पिटल, चिंचवड
दोन बरगड्या, डावा घोटा. डॉक्टर म्हणतात, लकी आहात. लिहायला मनाई केली आहे. पण त्यांना बोलायला म्हणायचं असावं, असं मी धरलं.

जे झालं ते क्रमाने. सव्वाअकराला चाळीसेक सभासद जमले. मी शिडीने उतरलो. पांढरं हेल्मेट, नवे गमबूट. सुरुवात केली, 'बंधू-भगिनींनो, जमीन ही आपली...' तेवढ्यात डाव्या बाजूची माती सुटली. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी पोतं खाली ठेवावं तसा. पुढच्या क्षणी मी छातीपर्यंत मातीत.

पहिला विचार आला, वाक्य अर्धं राहिलं. दुसरा आला नाही, कारण श्वासच आला नाही. आत घेतलेली हवा सोडली की माती तेवढी पुढे सरकते. परत घ्यायला जागा नाही. हे सुरक्षेच्या कुठल्या पोस्टरवर लिहिलेलं नव्हतं. पोस्टर मीच करतो.

वर आरडाओरडा. कुणीतरी जेसीबी चालू केला आणि बकेट माझ्या डोक्याकडे यायला लागला. तेव्हा विजयश्री दोन्ही हात पसरून बकेटपुढे उभी राहिली. ओरडली, मशीन बंद! मागं घे! काठावरचे सगळे लांब व्हा, तुमच्या वजनानं उरलेली कड पण येईल. नानासाहेबही मागे झाले. एकोणीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

तिच्या टेम्पोत फळ्या होत्या. फळ्या, जॅक, परत फळ्या. अकरा मिनिटं लागली, असं प्रीतम सांगतो. त्याने व्हिडिओ बंदच केला नव्हता. मग तिने मान हलवली आणि भिमाजी उतरला.

घमेलं आणि हात. फावडं नाही, पाय तुटले असते. भिमाजी म्हणाला, मालक, बोलू नका. नुसता श्वास घ्या, बारका बारका. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं. डोळे मिटायला लागले की तो विचारायचा, आईचं नाव काय? मान हलवा, सावित्रीबाई ना? गावची नदी कोणती? दुधना ना? पंचावन्न मिनिटं. माझे पाय मोकळे झाले तेव्हा त्याच्या दोन बोटांची नखं निघाली होती.

बाहेर काढल्यावर मी विचारलं, भाषण रेकॉर्ड झालं का? प्रीतमने तोंड फिरवलं.

एकंदरीत कार्यक्रम प्रभावी झाला. पुढच्या वर्षीपर्यंत चाळीसही जण विसरणार नाहीत.

रविवार, ९ मार्च
सहानुभूतीची लाट असते. सुधारित अंदाज: मी ५८.

सकाळी नानासाहेब येऊन गेले. स्टुलावर बसले. मग म्हणाले, आरं, चाळीस मानसं बोलावून मराया उतरला व्हय? मी हसलो, बरगडी दुखली. ते हसले नाहीत. म्हणाले, तीस वर्सांमागं माजी दोन मानसं अशीच गेली. एका चरात. जेवाया बसलो व्हतो मी, शंभर पावलांवर. तवा फळ्या न्हवत्या. आता हायत, तर तू अर्ज दाबून बसला. आन मी बी तुला काय बोललो न्हाई.

त्यांनी दोन्ही नावं सांगितली. इतिवृत्तात ती नव्हती. इथेही लिहीत नाही, त्यांनी मला सांगितली, वहीला नाही.

डोळे पुसत गेले. इथे फिनेल फार मारतात.

दुपारी विजयश्री आली. पेरू आणले. प्रचाराचं एक अक्षर नाही. म्हणाली, स्नायू दबले होते, लघवी लाल झाली तर लगेच डॉक्टरांना सांगा, किडनीवर येतं. प्रतिस्पर्धी उमेदवाराशी असं मोकळेपणी बोलते, गुणी आहे. मी तिला उपाध्यक्षपद देऊ केलं. तिने घोट्याखाली आणखी एक उशी सरकवली.

कस्तुरा दाराशी उभी राहून ऐकत होती. विजयश्री गेल्यावर म्हणाली, तुम्हाला जीव वाचवलेलं कळतं का हो? मी म्हणालो, कळतं की, म्हणून तर उपाध्यक्षपद. कस्तुरा डबा उचलून बाहेर गेली. डब्यात भाजी होती अजून.

रविवार, १६ मार्च
निवडणूक. व्हीलचेअरवरून सभागृहात शिरलो. सगळे उठून उभे राहिले. टाळ्या. दीड मिनिट तरी. मी हात जोडले. लोक माझ्या डोक्यावरून मागे बघत होते. मागे भिमाजी, खुर्ची ढकलत. दोन बोटांना पट्टी. तोही वळून मागे बघत होता, कोण आलंय म्हणून.

निकाल: एकूण ६३. बाद १. विजयश्री ६०. मी २.

दोनांतलं एक माझं. दुसरं कुणाचं, याची सगळ्या सभागृहात चौकशी केली. असा एक निष्ठावान सभासद असला तरी पाच वर्षांनी पुन्हा उभं राहता येतं. प्रीतम म्हणाला, माझं नाही. नानासाहेब म्हणाले, न्हाई बाबा. शेवटी विजयश्रीच जवळ आली. म्हणाली, माझं आहे. एकच मत पडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं कुणाचं ते.

फळ्या-जॅकच्या संचाचा ठराव लगेच मांडला. मंजूर. शालीच्या रंगाला यापेक्षा जास्त वेळ गेला होता.

रात्री जेवलो नाही. औषधांनी भूक मरते.

मंगळवार, १५ एप्रिल
पट्टी निघाली. काठी घेऊन चालतो. दिवसाला दोन फेऱ्या. डॉक्टर म्हणाले, आता घोट्याची काळजी नाही, जिने चढा-उतरा.

विजयश्रीचा फोन. २६ तारखेला चाकणला लेबरसाठी प्रशिक्षण आहे. म्हणाली, तुम्ही या. मातीत सापडल्यावर काय होतं ते तुम्हीच सांगू शकता, आमच्यातलं दुसरं कुणी नाही. शिडीनं उतरून दोन मिनिटं आत उभे राहा आणि तिथूनच बोला.

अखेर संघाला अनुभवाची किंमत कळली. लगेच होकार. भाषण लिहायला घेतलं. पंचवीस मिनिटांत बसवतो.

शनिवार, २६ एप्रिल
चर सहा फुटांचा. दोन्ही बाजूंना फळ्या, मध्ये जॅक. भिमाजीने प्रत्येक जॅक हाताने हलवून बघितला. विजयश्रीने त्याच्यानंतर परत बघितला. काठापासून लांब दोरी, दोरीमागे तीस-पस्तीस माणसं. निम्मी बीड-परभणीकडची.

माझं नाव पुकारलं. काठी भिमाजीकडे दिली. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. खालून ओल्या मातीचा वास आला.

दुसरा पाय उचलेना.

म्हणालो, घोटा दुखतोय. डॉक्टरांनी जिना चढ-उतर नको सांगितलंय. म्हणालो, ऊन फार आहे. म्हणालो, पाच मिनिटांनी उतरतो. मी धरलेली शिडी खडखडत होती. तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला असणार.

भिमाजीने मला दंडाला धरून मागे घेतलं. हळूच म्हणाला, राहू द्या. मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उतरला. मी विचारलं, भिमाजी, तुला होतं असं? तो निम्म्या शिडीवर थांबला. म्हणाला, रोज. आणि खाली गेला.

खुर्चीवरून मला त्याच्या हेल्मेटचा नुसता वरचा भाग दिसत होता. सोळा वर्षं तेवढंच बघत आलोय.

विजयश्रीने सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाली, आता उद्धवराव सांगतील. पस्तीस माणसं माझ्याकडे वळली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, साहेब, आत काय होतं?

पंचवीस मिनिटांचं भाषण खिशात होतं. मी म्हणालो, भीती वाटते.

त्यांनी पुढच्या वाक्याची वाट बघितली. मीही बघितली. पुढचं वाक्य नव्हतं. मग चहा आला.