कपाटात ठेवायचे सिनेमे

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता अक्कलकुव्याच्या आमच्या ग्रंथालयात पुस्तकांबरोबर सिनेमेही येणार आहेत. पडदा आला, खुर्च्या आल्या, आणि ग्रंथपाल म्हणून निवड माझ्याकडे आली. थोडेच घ्यायचे, पण ग्रंथालयात असायलाच हवेत असे. विचार करायला बसले आणि विसरवाडीचं आपलं कॅसेटचं दुकान आठवलं. हायवेच्या धुळीनं पिवळी पडलेली काच, बाहेर ट्रकवाले चहा पिताहेत, आणि तुम्ही सुरतेहून आणलेल्या कॅसेटी फडक्यानं पुसताय. मी विचारते, चांगला सिनेमा ओळखायचा कसा? मान वर न करता तुम्ही म्हणता, "पिक्चर भारी शे, अस कोनबी सांगी. देखेल माणूस परत मांगाले येस का, ते देख."

समितीच्या बैठकीत मी नावं वाचली. जुने, नावाजलेले मराठी, हिंदी, परदेशी सिनेमे सगळ्यांना पटले. अडलं ते शेवटच्या नावावर. सातपुड्यातल्या कॉलेजच्या मुलांनी तिथल्या पावरी बोलीत केलेला, चोरीला गेलेल्या बोकडाचा छोटासा विनोदी सिनेमा. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "बाई, हौशी पोरांचं काम या सिनेमांच्या शेजारी कसं ठेवायचं? आणि ही भाषा कळणार कुणाला?" मी म्हटलं, "सर, बाजाराच्या दिवशी दार उघडं ठेवून लावू. कोणी बसलं नाही तर नाव मीच काढते." बोलून गेले खरी, पण नाव गेलं असतं, तर डोंगरातून येणाऱ्या माणसाला त्या कपाटात स्वतःच्या बोलीतलं काहीच मिळालं नसतं.

बाजाराच्या दिवशी आधी खुर्च्या रिकाम्याच. मग डोक्यावरची पाटी दारात उतरवून एक म्हातारी आत आली, मागोमाग तिची सून. पडद्यावरचा माणूस पावरीत बायकोवर खेकसला तशी म्हातारी दचकली, आणि मग त्यालाच उत्तरं देऊ लागली. तिचं हसणं ऐकून रस्त्यावरची माणसं पिशव्या-कोंबड्यांसकट आत शिरली. सिनेमा संपला तरी कोणी उठेना. म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. सून म्हणाली, "बाई, सासू सांगते, परत लावा." मी अध्यक्षांकडे पाहिलं. एरवी छापील मराठी बोलणारे सर दाराशी उभे राहून हसता हसता डोळे पुसत होते. "लावा ना, बाई," ते चक्क तुमच्या बोलीत म्हणाले, "गर्दीमा शेवट मन्हाबी हुकना."

तो सिनेमा आता कपाटात आहे. ती मुलं दुसरा करताहेत, आणि त्यात त्या म्हातारीला घ्यायचं म्हणून तिचं गाव शोधताहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या लाडक्या मारामारीच्या सिनेमांपैकी एकही मी निवडला नाही. मला ते कधीच आवडले नव्हते, आबा. दुपारी गिऱ्हाईक नसताना तुम्ही ते लावायचात, आणि तेवढा वेळ तुमच्या शेजारी बसायला मिळायचं, म्हणून मी पाहायचे.